कोल्हापुरात पहिला कार्यक्रम घेताना: पाऊस, पूर आणि ऐनवेळचा बदल धरून आखणी

तालमीचं मंडळ असो, वाचनालयाची समिती असो की कॉलेजातली चार डोकी, पहिला कार्यक्रम घ्यायचा म्हटलं की आधी तारीख ठरते, मग पाहुणे, मग जेवण. कार्यक्रम होणार की थांबवायचा हे कोणी, कधी आणि कशावरून ठरवायचं, ते मात्र राहून जातं. मी वीसेक वर्षं या शहरात गाण्याच्या बैठका, पुस्तक प्रदर्शनं, सत्कार, स्नेहमेळावे घेत आलोय. त्यातले जे फसले, ते बहुतेक याच एका जागी फसले.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा मला अजून टोचतो. आमचा एक सुगम संगीताचा कार्यक्रम होता. पंचगंगेचं पाणी रोज चढत होतं आणि आम्ही चौघं रोज एकमेकांना फोन करून “उद्या बघू” म्हणत होतो. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा कोणीतरी बोलेल. अखेर वादकांची गाडी पुण्याहून निघाली आणि किणी टोलनाक्यापाशी अडकली. पुढे शिरोलीला महामार्गावर पाणी आलं होतं. सहा माणसं आणि त्यांची वाद्यं रात्रभर गाडीत. पूर आमच्या हातात नव्हता. ती माणसं पुण्यात घरी असती, हे मात्र नक्की आमच्या हातात होतं. दोन दिवस आधी एक फोन, एवढंच लागलं असतं.

म्हणून हा लेख. यातलं बरंचसं इतर गावांतही चालेल, पण उदाहरणं इथलीच आहेत, कारण अडचणीही इथल्या आहेत.

पहिली पायरी: तारीख धरण्याआधी कोल्हापूरचं वर्ष नजरेखाली घाला

कालनिर्णय काढा आणि महिन्यांवर पेन्सिलीनं खुणा करत जा.

मैदानावरच्या कार्यक्रमाला डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात भरवशाचा काळ, पण तेव्हा हॉल मिळणं मुश्कील, कारण तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. त्याच दिवसांत ऊसतोडही जोरात असते. तुमचा प्रेक्षक करवीर, कागल, हातकणंगले या भागातल्या गावांतून येणार असेल, तर त्याच्या शेतात तोड चालू आहे की संपली, हे विचारून घ्या. शिवाय संध्याकाळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. येणाऱ्यांना अर्धा तास जास्त लागेल हे धरून सुरुवातीची वेळ ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. वस्तीत स्पीकर लावायचा तर शेजाऱ्यांच्या घरात कोणाची परीक्षा आहे याची चौकशी नियम म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून करा.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, नवरात्रात अंबाबाईला गर्दी. या दोन्ही वेळी लॉज, पार्किंग आणि पोलीस बंदोबस्त तिकडे गुंतलेला असतो. बाहेरगावचे पाहुणे बोलावणार असाल तर खोल्या आधी धरा, मग पाहुण्यांना तारीख द्या.

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत वळीव. दिवसभर अंगाची काहिली होते, चारच्या सुमाराला आभाळ भरतं आणि पाच-सहाला वाऱ्यासकट कोसळतं. नेमकी हीच कार्यक्रम सुरू व्हायची वेळ. जून ते सप्टेंबर पाऊस असतोच, पण पुराची भीती मुख्यतः जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. २०१९ चा पूर ऑगस्टमधला, २०२१ चा जुलैमधला. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांपलीकडे गेली होती. मला विचाराल तर या चार आठवड्यांत बाहेरगावचा कलाकार लागणारा कार्यक्रम पहिल्यांदा घेणाऱ्यानं ठेवूच नये. ठेवायचाच असेल तर गावातलेच कलाकार, गावातलाच प्रेक्षक आणि उंचावरचा हॉल.

आणि निवडणुका. २०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, १५ ऑक्टोबरला विधानसभेची. एका वर्षात दोनदा. आचारसंहितेत गाण्याचा कार्यक्रम बंद होत नाही, पण व्यासपीठावर लोकप्रतिनिधी, फलकावर त्यांचे फोटो, सरकारी जागा, हे सगळं अडतं. उद्घाटक म्हणून आमदारांचं नाव छापून बसलात की पत्रिका पुन्हा छापावी लागते. निवडणुकीच्या वर्षात उद्घाटक म्हणून एखाद्या शिक्षकाला, वस्तादाला किंवा जुन्या कलाकाराला बोलवा. कार्यक्रमाचीही शोभा वाढते.

दुसरी पायरी: ‘ठरवायची वेळ’ कागदावर आणा

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. पहिल्या बैठकीतच, सगळे उत्साहात असताना, एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कशावरून ठरवायचं, कधीपर्यंत ठरवायचं आणि शेवटचा शब्द कोणाचा.

‘कशावरून’ याला आकडा हवा. “पाऊस जास्त झाला तर” असं लिहून उपयोग नाही, जास्त म्हणजे किती यावर ऐनवेळी वाद होतो. कोल्हापूरला याबाबतीत सोय आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे रोज जाहीर होतात, गल्लीतल्या पोरालाही तोंडपाठ असतात. आमच्या पावसाळी कार्यक्रमांचा नियम असा: तीन दिवस आधी सकाळी पातळी ३९ च्या वर असेल आणि पाणी चढतं असेल, तर पुढे ढकलायचा. ३९ च्या खाली असेल पण एका दिवसात तीन-चार फुटांनी चढलं असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असतील, तरीही ढकलायचा, कारण धरणातून सुटलेलं पाणी शहरापर्यंत पोचायला काही तास लागतात आणि आज दिसते ती पातळी उद्याची नसते.

शहरात पाणी दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. व्हीनस कॉर्नरला पाणी येण्याच्या कितीतरी आधी बंधारे पाण्याखाली जातात आणि रस्ते तुटतात. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला, रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी आलं की त्या बाजूचा प्रेक्षक येत नाही, आणि आला तर रात्री घरी कसा जाणार याचा घोर आपल्याला लागतो. तुमची माणसं कुठल्या रस्त्यानं येणार आहेत ते कागदावर लिहा आणि पातळीइतकंच त्या रस्त्यांकडेही लक्ष ठेवा.

वळवासाठी नियम वेगळा, तासांचा. हवामान विभाग जिल्हावार पाच दिवसांचा इशारा रोज देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. मैदानावरचा कार्यक्रम असेल तर नारिंगी इशाऱ्याला आम्ही पर्यायी हॉलच्या माणसाला फोन करतो आणि लाल इशाऱ्याला मैदान सोडतो. यावर चर्चा करत बसत नाही. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप निदान दोघांच्या फोनवर असू द्या.

‘कधीपर्यंत’ हे ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: त्यानंतर कोणता खर्च किंवा कोणती माणसं परत फिरवता येणार नाहीत? बाहेरगावचे कलाकार गाडीत बसायच्या आधी. आचाऱ्यानं भाजी आणायच्या आधी. मांडववाल्यानं टेम्पो भरायच्या आधी. आमचं साधारण वेळापत्रक असं: बाहेरगावच्या कलाकारांसाठी तीन दिवस आधी सकाळी अकरा, मांडवासाठी दोन दिवस आधी संध्याकाळी सहा, जेवणासाठी आदल्या दिवशी दुपारी बारा, आणि मैदान की हॉल यासाठी त्याच दिवशी सकाळी नऊ.

‘कोणाचा शब्द’ याला एकच नाव लिहा, आणि तो आजारी पडला तर दुसरं. समितीनं बसून ठरवायचं म्हटलं की आमचं २०१९ होतं. बाकीच्यांनी मत द्यावं, पण अकरा वाजता ज्याचं नाव लिहिलंय त्यानं सांगावं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहावं. नंतर ऊन पडलं तरी त्याला बोल लावायचा नाही, हेही त्याच बैठकीत बोलून घ्या. मी अशी दोन-तीन माणसं पाहिली आहेत, ज्यांनी योग्य वेळी कार्यक्रम थांबवला, संध्याकाळी कोरडं राहिलं आणि मग वर्षभर मित्रांनी त्यांना ऐकवलं. पुढच्या वेळी ती माणसं तोंड उघडत नाहीत. हे फार वाईट.

तिसरी पायरी: जागा बघायला पावसात जा

मैदान उन्हात सगळ्यांनाच छान दिसतं. शक्य असेल तर एक चांगली सर येऊन गेल्यावर जा. पाणी कुठे साचतं, मातीत पाय किती रुततो, टेम्पो आत घेता येईल का, जनरेटर ठेवायला उंचवटा कुठे आहे, हे तेव्हाच कळतं. शेजारच्या पानपट्टीवाल्याला विचारा, “इथं पाणी किती दिवस राहतं?” त्याच्याइतकं खरं उत्तर मैदानाची पावती फाडणारा देणार नाही.

दुसरी जागा पहिल्याच दिवशी ठरवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेलं, १९१५ पासूनचं ते नाट्यगृह एका रात्रीत जळताना ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. तिथल्या पायऱ्यांवर आम्ही लहानाचे मोठे झालो. आणि ज्यांच्या पुढच्या तारखा तिथे होत्या, त्यांना सकाळी उठून दुसरी जागा शोधायची होती. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, देवल क्लब, शाळा-कॉलेजांची सभागृहं, सगळीकडे एकाच वेळी फोन.

म्हणून पर्यायी जागेचं नुसतं नाव माहीत असून भागत नाही. तिच्या व्यवस्थापकाशी एकदा प्रत्यक्ष बोला. खुर्च्या किती, वीजभार किती, स्टेज किती फुटांचं, ऐनवेळी मिळायची असेल तर किती तास आधी सांगायचं, हे लिहून घ्या. मोठ्या पुरात शाळा आणि मंगल कार्यालयं स्थलांतरितांच्या निवाऱ्यासाठी घेतली जातात. तशी वेळ आली तर आपला दावा सोडायचा, खुर्च्या लावायला गेलेली आपली पोरं तिथेच मदतीला थांबवायची. कोल्हापुरात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

चौथी पायरी: पैसे तीन कप्प्यांत वाटा

खर्चाची यादी सगळेच करतात. त्या यादीसमोर आणखी एक रकाना काढा: हा पैसा गेला तर गेला, पुढच्या तारखेला वळवता येईल, की अजून हातातच आहे?

समजा दोन लाखांचा कार्यक्रम आहे. हॉल २५ हजार, कलाकार ६० हजार, साऊंड-लाईट ३० हजार, मांडव ३५ हजार, छपाई आणि फलक १० हजार, जेवण २० हजार, किरकोळ २० हजार. ठरवायच्या वेळेपर्यंत तुम्ही हॉलचे २५, कलाकारांचे २०, साऊंडचे ५, मांडवाचे १०, छपाईचे १० आणि किरकोळ ५ हजार दिले आहेत. म्हणजे ७५ हजार बाहेर. त्यातले छपाई आणि किरकोळ मिळून १५ हजार गेले समजा. उरलेले ६० हजार पुढच्या तारखेला वळवता येतात, पण तसं आधी लिहून घेतलं असेल तरच. लिहिलं नसेल तर ७५ च्या ७५ हजारांवर भांडण.

मला हे महागात पडून कळलं. एका हॉलला आम्ही पूर्ण भाडं आधी भरलं होतं. पावसानं तारीख बदलली तेव्हा “पावती बघा, परतावा नाही” म्हणून सांगण्यात आलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी पावती तिथेच उभं राहून पूर्ण वाचतो आणि तारीख बदलण्याबद्दल त्यात काही नसेल तर हातानं एक ओळ लिहून सही मागतो.

कलाकाराला सुपारी देताना, मांडववाल्याला अ‍ॅडव्हान्स देताना साध्या कागदावर एवढं असावं: तारीख कोणत्या कारणांनी बदलेल (पूर, सरकारी आदेश, दुखवटा, जागा न मिळणं), किती दिवस आधी कळवलं तर अ‍ॅडव्हान्स पूर्ण वळता होईल, त्याच दिवशी थांबलं तर किती टक्के द्यायचे, आणि नवी तारीख किती महिन्यांत घ्यायची. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यातलं कलम ५६ अशक्य झालेल्या कराराबद्दल बोलतं आणि कलम ६५ अशा वेळी घेतलेला लाभ परत करण्याबद्दल. पण त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? दोन ओळी आधी लिहिल्या की तेवढ्यावर निभावतं. रक्कम मोठी असेल, तिकीट विक्री असेल, तर मात्र वकिलाकडून मसुदा करून घ्या आणि कार्यक्रम रद्द होण्याच्या विम्याची चौकशी विमा कंपनीकडे करा. पूर, आग, साथ यातलं काय धरलंय आणि काय वगळलंय, ते पान आधी वाचा.

एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवा आणि खजिनदाराला सांगा की कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत हिला हात लावायचा नाही. ज्यादा ताडपत्री, जादाचं डिझेल, अडकलेल्या पाहुण्याची लॉजची रात्र, सगळं यातून.

फलक छापताना कार्यक्रमाचं नाव आणि संस्थेचं नाव मोठ्या फलकावर छापा, तारीख-वेळ-ठिकाण वेगळ्या पट्टीवर. पट्टी बदलायला थोडक्यात भागतं, अख्खा फलक बदलायला नाही.

पाचवी पायरी: परवानग्या, आणि रात्री दहा

अर्ज लवकर करा: जागेसाठी महापालिका किंवा जागामालक, कार्यक्रम आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणे, रस्ता अडत असेल तर वाहतूक शाखा, मांडव मोठा असेल तर अग्निशमन विभाग, तात्पुरत्या विजेसाठी महावितरण. प्रत्येक अर्जात पर्यायी तारीख आणि पर्यायी जागा लिहा. तशीच्या तशी मंजूर होईलच असं नाही, पण बदल करायला गेल्यावर टेबलापलीकडच्या माणसाला तुम्ही आधी विचार केलाय हे दिसतं, आणि काम सोपं होतं.

नवख्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट दहा वाजताची. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते बहुतेक सणांना जातात. म्हणजे पावसानं तुमची सुरुवात सातवरून साडेआठवर गेली, तरी शेवट दहालाच. तीन तासांचा कार्यक्रम दीड तासात कसा बसवायचा?

हे आधी ठरवायचं. आम्ही प्रत्येक कार्यक्रमाच्या दोन क्रमपत्रिका करतो, मोठी आणि छोटी. छोटीत दीपप्रज्वलन आणि एकच स्वागत, सत्कार शेवटी उभ्या-उभ्या, भाषणं नाहीत, आणि मुख्य कलाकाराचा वेळ पूर्ण. कलाकाराचा वेळ कापून पाहुण्यांची भाषणं ठेवणं मला कधीच पटलं नाही. लोक चिखल तुडवत गाणं ऐकायला आलेले असतात. छोटी पत्रिका पाहुण्यांना आधीच दाखवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणी रुसत नाही.

सहावी पायरी: मैदानावरची संध्याकाळ

मे महिना, खुलं मैदान, सहाशे खुर्च्या. साडेपाचला आभाळ नुसतं करडं होतं. मी ध्वनिवाल्याशी बोलत होतो. मांडवाचं काम करणारे मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि वर न बघता म्हणाले, “वारं पडलंय बघा. झाडाचं पानबी हलंना. आता सुटणार.” मला वाटलं, अजून वेळ आहे. मी लगेच हललो नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी वारा आला तो मैदानातली सगळी धूळ उचलूनच. एका बाजूची कनात शिडासारखी फुगली आणि तिच्या दोन्ही बल्ल्या जमिनीतून उचलल्या जाताना मला स्पष्ट दिसल्या. मामांनी धावत जाऊन कोयत्यानं कनातीची दोरीच तोडली. कापड उडालं, बल्ल्या जागेवर बसल्या. पुढच्या रांगेत दोन आज्या बसल्या होत्या. त्यांच्यापासून ती बल्ली चार हातांवर होती.

त्या संध्याकाळी जे शिकलो ते असं. वारा थांबला, घुसमट झाली की वाट बघायची नाही. आधी एलईडी वॉल खाली घ्यायची, मग उंचावरचे लाईट, मग कनाती सोडायच्या म्हणजे वारा आरपार जाईल. वरच्या ताडपत्रीवर पाणी साचून पोट सुटलं तर बांबूच्या टोकाला कापड गुंडाळून खालून हळूच ढकलायचं. उघडं टोक लावलं तर ताडपत्री फाटते आणि सगळं पाणी मिक्सरवर. जनरेटर विटांवर किंवा फळ्यांवर, केबल जमिनीवर न सोडता खुर्च्यांच्या पाठीवरून किंवा दोरीवरून. वीज बंद करायचा मुख्य खटका कुठे आहे हे निदान चौघांना माहीत हवं. अर्थिंग आणि ब्रेकर वायरमननं तुमच्यासमोर तपासावा.

विजेचा गडगडाट कानावर आला की माइक बंद. मांडवाचे लोखंडी पाईप आणि झाडं, दोन्ही आसऱ्याला वाईट. माणसं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत गेली पाहिजेत. शेवटचा गडगडाट झाल्यापासून अर्धा तास पुन्हा सुरू करायचं नाही.

पण सगळ्यात मोठी भीती मला पावसापेक्षा धावपळीची वाटते. सर आली की सहाशे माणसं एकाच फाटकाकडे पळतात. म्हणून फाटकं किमान दोन, दोन्हींवर आपली दोन-दोन माणसं, मधल्या वाटेत एकही जादाची खुर्ची नाही. निवेदकाच्या हातात हा मजकूर आधीच लिहून द्या, त्याला सुचण्यावर सोडू नका: “मंडळी, पाऊस येतोय. कोणीही पळू नका. मागच्या रांगेपासून एकेक रांग उठेल. लहान मुलांचा हात धरा. डाव्या बाजूचे लोक शाळेच्या फाटकानं, उजव्या बाजूचे रस्त्याकडच्या फाटकानं जातील. कार्यक्रमाचं पुढं काय ते अर्ध्या तासात तुमच्या फोनवर कळेल.” शांत आवाजात, तीनदा. वीज गेली तर माइक नसणार, तेव्हा एक बॅटरीवरचा भोंगा स्टेजजवळ ठेवा.

सातवी पायरी: कळवणं

तारीख बदलली की आधी कलाकार, मग काम करणारे, मग पाहुणे, मग प्रेक्षक. हा क्रम मोडू नका. आपला कार्यक्रम रद्द झाल्याचं कलाकारानं फेसबुकवर वाचावं यासारखा अपमान नाही. पहिल्या तिघांना फोनच करायचा, मेसेज नाही. यादी आधी वाटून घ्या: प्रत्येकाकडे पंधरा नावं, फोन झाला की नावासमोर वेळ लिहायची.

प्रेक्षकांसाठी मेसेजचा मसुदाही आधी करून ठेवा: “नमस्कार. पंचगंगेची पातळी वाढत असल्यानं शनिवारचा आपला कार्यक्रम पुढे ढकलला आहे. नवी तारीख येत्या बुधवारी संध्याकाळपर्यंत याच क्रमांकावरून कळवू. तिकिटं नव्या तारखेला चालतील. पैसे परत हवे असतील तर याच क्रमांकावर ‘परतावा’ असं लिहा, सात दिवसांत मिळतील. आपल्या भागात पाणी आलं असेल, काही मदत लागत असेल तर जरूर कळवा.” नवी तारीख माहीत नसेल तर ती कधी कळेल याची तारीख द्या आणि ती पाळा. परताव्याचं आश्वासन दिलं असेल तर सातव्या दिवशी शेवटचा रुपया गेलेला असू द्या. लोक कार्यक्रम बुडाल्याचं विसरतात, पैसे अडकल्याचं विसरत नाहीत.

दुखवट्याच्या वेळी हाताशी तासच असतात. ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी सकाळी लताबाई गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. ज्यांचे कार्यक्रम त्या संध्याकाळी होते त्यांना दुपारपर्यंत सगळ्यांना गाठायचं होतं. ज्यांच्याकडे यादी वाटलेली होती, त्यांचं काम दोन तासांत झालं.

काम करणारी माणसं

करोनात २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात नियम आला: लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत. त्या काळात आमच्या मांडववाल्याच्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली होती. लाईटचं काम करणारा पोरगा भाजीची गाडी लावायचा, आचारी गावी शेतात. तो काळ जवळून बघितल्यापासून मी एक गोष्ट पाळतो. ठरवायच्या वेळेच्या आत सांगितलं तर त्या दिवशी ते दुसरं काम धरू शकतात. वेळेनंतर थांबवलं तर त्यांची हजेरी मी देतो, साहित्य उतरलं असो वा नसो. मालकाशी केलेल्या व्यवहारात मजुराची हजेरी वेगळी लिहून घ्या, म्हणजे ती त्याच्यापर्यंत पोचते. ऐनवेळी पुराच्या पाण्यातून तुमचं साहित्य वाचवायला येणारी हीच माणसं असतात.

दुसऱ्या दिवशी, थकवा उतरायच्या आत, वहीत लिहा. काय ठरवलं होतं, काय झालं, कोणता फोन उशिरा गेला, पातळी किती होती. माझ्या वहीतलं त्या मे महिन्यातलं पान असं आहे:

“५.३० मामांनी सांगितलं. ६.२० वारा. एलईडी ६.३५ ला खाली, उशीर. कनात गेली, माणसं सुखरूप. ८.१० ला पुन्हा सुरू, छोटी पत्रिका, ९.५५ ला संपलं. मामांना कनातीचे पैसे देणे. पुढच्या वेळी वारं पडलं की लगेच, आणि ठरवणारं नाव: मामा.”